वाघ दिसला का?

दिवाळी अंक हातात आला की मी आधी अनुक्रमणिका पाहतो. कथा, कविता, एखादे व्यक्तिचित्र, राशिभविष्य. आणि या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी जंगलसफारीचा एक लेख असतोच. तो वाचण्याआधीच मला पाठ असतो. पहाटे साडेपाचला रिसॉर्टच्या दारात जिप्सी येते. हवेत बोचरी थंडी असते. पहिल्या फेरीत हरणे, मोर आणि रानडुकरे दिसतात. त्यांना लेखक एका वाक्यात निकालात काढतो. दुसऱ्या फेरीतही 'तो' दिसत नाही. तिसऱ्या फेरीत, परतीच्या वाटेवर, सर्वांनी आशा सोडलेली असताना शेवटच्या वळणावर 'तो' येतो. जंगलाचा राजा दिमाखात रस्ता ओलांडतो, लेखकाच्या अंगावर रोमांच उभे राहतात आणि लेख संपतो. खाली तीन छायाचित्रे.

माझे भांडण या लेखाशी आहे. लेखकाशी नाही, कारण तो लेखक मीही होतो; फक्त माझ्या लेखात वाघ आला नाही, म्हणून तो लिहिला गेला नाही. आज तो लिहितो आहे.

वाचकहो, मी बाजारहत्नूरचा. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातला. घरी मराठी, कचेरीत तेलुगू, आठवडी बाजारात दोन्ही आणि त्यात गोंडी मिसळलेली, असा आमचा रोजचा व्यवहार. पंचवीसेक वर्षे मराठी शिकवली आणि आता हायस्कूलचा मुख्याध्यापक आहे. 2024 च्या फेब्रुवारीत मी नववीच्या सोळा मुलामुलींना घेऊन ताडोबाला गेलो. दरवर्षी सहल हैदराबादला जाते. चारमिनार, सालारजंग, फिल्म सिटी. मी म्हटले, यंदा मुलांना राष्ट्रीय उद्यान दाखवू. पालकांनी कुरकुरत पैसे दिले. कापसाला त्या वर्षी भाव बेताचाच होता. पण "वाघ दिसणार असेल तर जाऊ द्या पोरांना," असे एका पालकाने म्हटले आणि बाकीचे तयार झाले. त्या 'तर'मध्ये मी अडकलो आहे हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

आदिलाबादहून जैनथ, बेला, मग सीमा ओलांडून कोरपना, गडचांदूर, राजुरा, चंद्रपूर. रात्री चंद्रपुरात एका परिचितांकडे मुक्काम केला आणि पहाटे मोहर्लीच्या दाराशी उभे राहिलो. तीन जिप्सी. वाटाड्याने विचारले, "सर, काय बघायचं?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "वाघ." त्याने मान डोलावली. त्या दिवशी पुढे जे घडले ते माझ्या त्या एका शब्दाने घडले. त्या वाटाड्याचा, चालकाचा त्यात काही दोष नाही. त्यांनी मी मागितले तेच दाखवण्याची धडपड केली.

आमच्या जिप्सीत मागच्या बाकावर एक गोंड मुलगी बसली होती. वर्गात ही मुलगी कधी बोलत नसे. निबंधात चार ओळींपुढे तिची मजल जात नसे. त्या दिवशी मात्र गाडी जंगलात शिरली आणि ती बोलू लागली. "सर, थांबा ना. ते पाहा, अस्वलानं वारूळ फोडलं. माती ओली हाये, रातच्यालाच आलतं." गाडी पुढे गेली होती. थोड्या वेळाने पुन्हा, "सर, त्या ऐनाच्या खोडाले नखं पाहा. मधासाठी चढलं." मी मागे वळून म्हणालो, "गप्प बस. आवाज झाला तर वाघ येणार नाही."

ती गप्प बसली.

मग आम्ही एका पाणवठ्याशी दीड तास उभे होतो. पुढे-मागे गाड्यांची रांग होती. सगळ्यांची तोंडे एकाच झुडपाकडे. पाठीमागे वानरे काय करत होती, डोक्यावर कोणता पक्षी ओरडत होता, पळसाला पहिली फुले कुठे लागली होती, कोणी पाहिले नाही. मीही नाही. वाघ आला नाही. दुपारी बाहेर पडताना मुलांचे चेहरे असे होते, जणू परीक्षेत नापास झाली आहेत. गावी परतलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. पालक वेशीवर थांबले होते. एकाच प्रश्नाने त्यांनी आमचे स्वागत केले: "वाघ दिसला का?" नाही म्हटल्यावर तेच मघाचे पालक म्हणाले, "म्हणजे पैसे वायाच गेले की सर."

माझा मुद्दा इथून सुरू होतो. पैसे वाया गेले नव्हते. ते वाया घालवले होते, आणि घालवणारा मी होतो. शाळेच्या इतिहासात पहिल्यांदा एक विद्यार्थिनी आपणहून शिकवू लागली होती आणि मुख्याध्यापकाने तिला गप्प केले. कशासाठी? जो आला नाही त्याच्यासाठी.

ताडोबा हे नाव कुठून आले, याची पाटी तिथे वाचायला मिळते. गोंडांचा तारू नावाचा एक गावप्रमुख होता. वाघाशी झुंजताना तो मेला अशी लोककथा आहे. त्याचा देव झाला आणि तळ्याच्या काठी त्याचे ठाणे झाले. त्या तळ्याला, जंगलाला त्याचे नाव मिळाले. 1955 साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले, 116 चौरस किलोमीटरचे. 1986 साली शेजारी अंधारी अभयारण्य झाले आणि दोन्ही मिळून आज सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा व्याघ्रप्रकल्प आहे. जंगलाच्या आतली काही गावे बाहेर हलवली गेली, काहींचे हलणे अजून चालू आहे. म्हणजे ज्या जंगलाला एका गोंडाचे नाव आहे, जे पिढ्यान्पिढ्या गोंडांनी राखले, त्या जंगलात एक गोंड मुलगी तिकीट काढून गेली आणि तिथे तिने तोंड उघडले तेव्हा तिच्याच गुरुजींनी तिला सांगितले, गप्प बस. यापेक्षा मोठा विनोद मला माहीत नाही, आणि मला तो सांगताना हसू येत नाही.

कोणी म्हणेल, तुमच्या एका सहलीवरून साऱ्या पर्यटनाला नावे ठेवता काय? मग एक सर्वांना माहीत असलेले उदाहरण देतो. 31 डिसेंबर 2024. उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य. वर्षाचा शेवटचा दिवस, गर्दीचा दिवस. एक वाघीण आपल्या पाच बछड्यांना घेऊन निघाली होती. पर्यटकांच्या गाड्यांनी तिला दोन्ही बाजूंनी घेरले. पुढेही गाड्या, मागेही गाड्या, मधे ती आणि तिची पिले. त्याची चित्रफीत देशभर फिरली. चालक-वाटाड्यांवर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली. कारवाई व्हायलाच हवी होती. पण चालकांना शिक्षा केली म्हणजे सगळे झाले का? त्या गाड्यांत बसलेले लोक कोण होते? तुमच्या-माझ्यासारखी सुशिक्षित मंडळी. 'अजून थोडं पुढं घ्या ना भाऊ' असे चालकाच्या कानाशी कोण म्हणत असते? बक्षिसीची नोट कोण दाखवत असते? आणि घरी गेल्यावर 'वाघ दिसला का' असे विचारणारे शेजारी कोण? त्या वाघिणीभोवती गाड्यांचा जो वेढा पडला, त्यातली एक गाडी आपल्या या प्रश्नाची होती.

आता जरा आमच्याकडे या.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये किनवटच्या जंगलातून एक वाघ निघाला. वर्तमानपत्रांनी त्याचे नाव 'जॉनी' असे छापले. जोडीदारीण शोधायला निघाला आहे, असे वनाधिकारी सांगत होते. तो आमच्या शेजारच्या बोथ मंडलात उतरला, तिथून निर्मल जिल्ह्यात कुंटाला, सारंगापूर, ममडा, पेंबी अशा मंडलांतून फिरला, हैदराबाद-नागपूर महामार्ग ओलांडून उटनूरच्या बाजूला गेला आणि पुढे तिर्याणीकडे निघाला. महिनाभरात सुमारे 300 किलोमीटर. वाटेत त्याने पाच गुरे मारली. माणसाला हात लावला नाही.

त्या दिवसांत आमच्या शाळेची हजेरी निम्म्यावर आली. कापूस वेचणीचे दिवस होते. बायका एकेकट्या रानात जायला तयार नव्हत्या. एके दिवशी ज्यांनी फेब्रुवारीत 'पैसे वाया गेले' म्हटले होते तेच पालक शाळेत आले. म्हणाले, "सर, पोरं पाठवत नाही चार दिवस. ह्या पेद्दपुलीला सरकार गोळी का घालत नाही?" मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. नऊ महिन्यांपूर्वी हेच गृहस्थ त्याच प्राण्यासाठी पैसे मोजायला तयार होते. तिकीट काढून दिसला तर देवदर्शन, बिनतिकिटाचा आला तर दैत्य!

त्यांची भीती खोटी होती असे मी म्हणत नाही. त्याच नोव्हेंबरच्या 29 तारखेला कागजनगर भागात कापूस वेचणाऱ्या एका तरुणीचा वाघाने बळी घेतला. 10 मे 2025 रोजी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी मारल्या गेल्या. या बायका सफारीला गेल्या नव्हत्या. पोटासाठी गेल्या होत्या. वाघाचे कौतुक आपण शहरातून करतो आणि किंमत त्यांनी मोजायची, हा हिशेब मला मान्य नाही. पण गोळीने हा हिशेब मिटत नाही, तो रान वाचता येण्याने काही प्रमाणात तरी मिटतो. मी वर्गात गेलो. ती मुलगी दहावीत आली होती. मी विचारले, "तुझ्या घरी काय म्हणतात?" ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तो चालता हाये, थांबणारा नाही. बाबा म्हणते, दोन-तीन दिवस वढ्याकडं गुरं नेऊ नका, सांजच्याला वाकून काम करू नका, चारचौघं मिळून जा. मग तो आपल्या वाटेनं जाते." वाघ आपल्या वाटेने गेलाही. तिच्या बापाला हे कोणत्या पुस्तकाने शिकवले नव्हते. आणि माझ्याजवळ पुस्तके होती, तरी मला हे माहीत नव्हते.

ती 'वाट' म्हणजे काय हेही समजून घेतले पाहिजे. 2022 च्या गणनेत महाराष्ट्रात 444 वाघ आणि तेलंगणात 21 वाघ मोजले गेले. तिकडे जागा पुरत नाही, इकडे जागा मोकळी आहे. ताडोबा, टिपेश्वर, किनवट यांकडून आमच्या कव्वालकडे वाघ येत राहणार. कव्वाल 2012 साली व्याघ्रप्रकल्प झाला तो या येण्याच्या भरवशावर. 2019 साली टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात पट्टा घेऊन निघाला आणि पाच-सहा महिन्यांत 1,300 किलोमीटरहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या भटकंतीत आमचा आदिलाबाद जिल्हाही होता. कापसाची शेते, ओढे, रेल्वे, महामार्ग, गावांच्या पाठीमागची पडीक राने यांतून तो गेला आणि बहुतेक ठिकाणी कोणाला पत्ताही लागला नाही.

सीमाभागातल्या माणसाला यात आणखी एक गोष्ट दिसते. 1956 पर्यंत किनवट आणि राजुरा हे दोन्ही तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेत किनवट नांदेडला गेले. राजुराही आधी नांदेडला आणि मग 1959 साली चांद्याला गेले. माझे वडील किनवटचा बाजार 'आपला बाजार' म्हणत, तो शब्द त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. तेव्हा हा जॉनी दोन राज्ये ओलांडून आला असे वर्तमानपत्रांनी छापले, तरी आमच्या म्हाताऱ्यांच्या हिशेबाने तो घरातल्या घरातच फिरला. ताडोबाला जाताना आम्ही राजुऱ्यातून गेलो, तेव्हा हे मी मुलांना सांगायला हवे होते. मी त्यांना सिमेंट कारखान्याची धुराडी दाखवली.

आता दुसऱ्या बाजूचेही ऐकू. पर्यटन नको म्हणता, तर मग मोहर्लीच्या पोरांनी काय करायचे? प्रश्न रास्त आहे. ताडोबाच्या भोवतीच्या गावांतल्या तरुणांना वाटाडे, चालक, खानावळी, मुक्कामाची घरे यांतून काम मिळाले आहे. जंगलात माणसांची नजर असली की चोरट्या शिकाऱ्याला धाक बसतो, हेही खरे. शहरातल्या माणसाने आयुष्यात एकदा वाघ पाहावा, त्याची पोरे थक्क व्हावीत, याला माझी ना नाही. माझा विरोध वाघ पाहण्याला नाही. वाघ सोडून बाकी सगळे न पाहण्याला आहे. चितळ, रानगवे, रानकुत्रे, तळ्यातली मगर, मत्स्यगरुड, बांबूची बने, वारुळे यांना आपण 'वाघ न दिसल्याची भरपाई' समजतो. वाघ ज्यांच्यावर जगतो त्यांनाच भरपाई म्हणायचे! शिवाय ज्या वाटाड्याच्या पोटाची काळजी आपण करतो, तो त्या रानातच वाढलेला असतो. त्याला शंभर गोष्टी ठाऊक असतात. आपण त्याच्याकडून एकच विकत घेतो आणि ती त्याच्या हातातली नसते. 'साइटिंग झाली का' हा आता मराठी शब्दच होऊन बसला आहे.

तीच चूक सरकारेही करतात. 30 मे 2025 रोजी तेलंगण सरकारने आसिफाबाद जिल्ह्यातले सुमारे 1,493 चौरस किलोमीटर जंगल 'कुमरम भीम संवर्धन राखीव क्षेत्र' म्हणून जाहीर केले. ताडोबा आणि कव्वाल यांना जोडणारा वाघांचा मार्ग राखावा हा हेतू. हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण आदिवासी रस्त्यावर आले, बंद पाळला गेला आणि जुलैमध्ये सरकारला तो आदेश स्थगित करावा लागला. जल, जंगल, जमीन यांसाठी लढून 1940 साली जोडेघाटला ज्याने प्राण दिला त्या भीमाचे नाव द्यायचे आणि त्याच्याच लोकांना विश्वासात घ्यायचे नाही, मग दुसरे काय होणार? सरकारने तिथे जे केले तेच मी जिप्सीत केले. नाव तारूचे, आणि तारूच्या लेकीला म्हटले, गप्प बस.

यात आम्हा मराठी माणसांची जबाबदारी वेगळी आहे, असे मला वाटते. कारण या रानाशी आमच्या लिपीचे जुने नाते आहे. कुमरम भीमाच्या मृत्यूनंतर निजाम सरकारने फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाला गोंडांचा अभ्यास करायला पाठवले. त्याने मारलवाईत मुक्काम केला, आणि 1943 मध्ये तिथे गोंड शिक्षक तयार करणारी शाळा सुरू झाली. मुलांसाठी गोंडीतली पहिली वाचनपुस्तके निघाली ती देवनागरीत. पुढे इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद राज्याच्या नोकरीत असताना या गोंडांत राहिले, गोंडी शिकले आणि 1949 साली आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. सोलापूरच्या मारुती चितमपल्लींनी वनखात्याची नोकरी करता करता रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची, झाडांची नावे गोळा केली आणि ती मराठीला दिली. 18 जून 2025 रोजी ते गेले, तेव्हा आमच्या शाळेत मी त्यांच्यावर पाच मिनिटे बोललो. बोलता बोलता मलाच लाज वाटली. या थोरांनी आदिवासींसमोर बसून ऐकले. आम्ही त्यांची जयंती-पुण्यतिथी करतो आणि ऐकायचे तेवढे सोडून देतो.

म्हणून 2025 च्या जानेवारीत मी प्रायश्चित्त घेतले. दुसरी सहल काढली. बस नाही, जिप्सी नाही, तिकीट नाही. आमच्याच मंडलातल्या गिरनूरजवळ कडेम नदीवर कनकाईचा धबधबा आहे. गावापासून रानवाटेने पायी जावे लागते. तीस मुले घेऊन निघालो आणि वाटाड्या म्हणून त्या मुलीच्या वडिलांना बोलावले. ते आधी यायलाच तयार नव्हते. "मी काय शिकवणार जी पोरायले, मी अंगठाछाप," म्हणाले. मुलीने त्यांना आणले.

चार तासांत आम्ही अडीच किलोमीटरही चाललो नसू. दर दहा पावलांवर ते थांबत. नीलगाय एकाच जागी येऊन लेंड्या टाकते, तो ढीग दाखवला. साळिंदराचा काटा उचलून दिला. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी का दिसते आणि उन्हाळ्यात त्या खोडात पाणी कसे सापडते, ते सांगितले. आणि वाटेत एक फोडलेले वारूळ होते. ते दिसताच ती मुलगी माझ्याकडे पाहून म्हणाली, "सर, आता थांबायचं का?" मी म्हणालो, "थांब बाई, आज तू म्हणशील तिथे थांबायचं." तिने वर्गाला तो धडा दिला. अस्वल सोंड खुपसावी तसे तोंड आत खुपसते, फुंकर मारून माती उडवते आणि मग वाळवी ओढून घेते, हे तिने तोंडाने आवाज काढून दाखवले. मुले हसली. ही मुलगी आमच्या शाळेत चार वर्षे होती आणि तिला आवाज आहे हे आम्हाला त्या दिवशी कळले.

मुलांना मी एक काम दिले होते. जे दिसेल त्याचे नाव लिहायचे, मराठीत, तेलुगूत आणि गोंडीत. पळस म्हणजे मोदुगा, मोह म्हणजे इप्पा, तेंदू म्हणजे तुनिकी, ऐन म्हणजे नल्लमद्दी, साग म्हणजे टेकु. गोंडीचा रकाना तिच्या वडिलांनी भरला. ते सांगत, मुले देवनागरीत लिहून घेत. एक्केचाळीस नावे झाली. त्यातली अकरा मराठी नावे मला, एम.ए. मराठीला, माहीत नव्हती. आपल्या मराठी शाळांचा पट घसरत चालला आहे, भाषा टिकेल का, अशी भाषणे आपण सीमाभागात दरवर्षी करतो. ती भाषा काय नुसती व्याकरणाच्या पुस्तकात टिकणार आहे? झाडाचे नाव गेले की एक दिवस झाडही जाते आणि ते गेल्याचे कोणाला कळतही नाही, कारण काय गेले ते सांगायला शब्दच उरलेला नसतो.

संध्याकाळी परतलो. वेशीवर पालक होतेच. सवयीप्रमाणे कोणी तरी विचारले, "वाघ दिसला का?" एका मुलाने वही उघडली आणि म्हणाला, "वाघ नाही दिसला. हे दिसलं," आणि तो वाचू लागला. बाराव्या नावाला त्याच्या आजोबांनी त्याला थांबवले. "ते नाव चुकलं. आम्ही त्याले वेगळं म्हणत होतो," असे म्हणून त्यांनी दुसरेच नाव सांगितले. मग आणखी दोन म्हातारे पुढे आले. रस्त्यातच वाद सुरू झाला. माझ्या नोकरीत पालकसभेला इतकी गर्दी मी पाहिली नव्हती.

वाचकहो, माझे मागणे मोठे नाही. ताडोबाला जरूर जा. पण आधी आपल्या गावामागच्या रानात मुलाबाळांसह एकदा पायी जा. वनखात्याच्या नियमांत राहून, आणि गावातल्या रानमाणसाला बरोबर घेऊन. त्याला मजुरी द्या, आणि 'गुरुजी' म्हणा. राष्ट्रीय उद्यानात गेलात तर वाटाड्याला 'वाघ दाखव' म्हणू नका. 'तुला जे माहीत आहे ते दाखव' म्हणा आणि गाडी थांबवायला सांगा. व्याघ्रप्रकल्पांच्या अधिकाऱ्यांनीही वर्षातले काही दिवस जंगलालगतच्या गावांतील शाळांना फुकट द्यावेत. ज्यांच्या अंगणात वाघ येतो त्या मुलांना त्याचे घर बिनपैशाने पाहता आले पाहिजे, हा त्यांचा हक्क आहे. आणि सहलीहून आलेल्या कोणत्याही मुलाला 'वाघ दिसला का' असे विचारू नका. 'काय काय दिसलं' असे विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत ऐका.

ती मुलगी दहावी झाली. आता इंटरला आदिलाबादला आहे. सुटीत आली की वहीत भर घालते. परवापर्यंत नावे एकशे सातवर गेली होती. संपादकमहाशयांना विनंती आहे की, पुढच्या दिवाळीला जंगलसफारीच्या लेखासाठी जी चार पाने तुम्ही राखून ठेवता, ती या वहीसाठी ठेवावीत. मजकूर मी तपासून पाठवीन. त्यात वाघाचे नावही आहे, तिन्ही भाषांत. ते एकोणचाळिसाव्या क्रमांकावर आहे.